डॉरिसचं वजन

इंग्लंडमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात नवी माणसं भेटली की पहिला प्रश्न ‘पुण्यात कुठे?’ आणि दुसरा ‘काय करता?’ मी पेणची, त्यामुळे पहिल्या प्रश्नात नापास. दुसऱ्याचं उत्तर मी काही वर्षं खरं तेच द्यायचे. “डुकरं बनवते.” समोरच्या बाई हसायच्या, माझा चेहरा बघून हसू आवरायच्या आणि “अहो, पण तुमचे मिस्टर डॉक्टर ना?” म्हणून बोलणं ओळखीच्या रस्त्यावर आणायच्या. मिस्टर डॉक्टर होतेच. हॉस्पिटलात लोकांना भूल द्यायचे. मी स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटवर, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एका पत्र्याच्या शेडमध्ये फायबरग्लासची कामं करायचे, आणि दोन हजार सालानंतरची सहा-सात वर्षं त्या कामांत एक डुकरीण होती. तिचं नाव डॉरिस.

फायबरग्लासचं काम ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आधी साचा. त्याला आतून मेण चोपडायचं, म्हणजे माल नंतर सुटून येतो. मेणावर रंगाचा एक दाट थर. तो चिकट असतानाच त्यावर काचतंतूंची चटई अंथरायची, रेझिन ओतायचं आणि रोलर फिरवून हवेचे बुडबुडे घालवायचे. मग दुसरी चटई. वाळलं की साच्यातून काढायचं. एवढंच. रेझिनचा वास केसांत बसतो आणि सुट्टीतही जात नाही. संध्याकाळी बसमध्ये माझ्या शेजारची सीट बहुधा रिकामी असे, ती माझी ऐसपैस बसायची सोय.

मला हे काम मिळालं तेही गमतीने. शेडच्या दारावर ‘कामगार हवा’ अशी पाटी होती. मालक मिस्टर गिल यांनी विचारलं, “साच्याचं काम येतं?” मी म्हटलं, लहानपणापासून. “काय बनवायचा तुम्ही लोक?” मी म्हटलं, गणपती. गिलसाहेबांनी जरा विचार केला आणि म्हणाले, “बहेनजी, आमच्याकडे सध्या शॉवरचे ट्रे आहेत.” मी म्हटलं, चालेल. पुढे न्हाणीघरात पायाखाली बसवायच्या त्या ट्रेबरोबर आइस्क्रीमच्या गाड्यांची छपरं आली, दुकानाबाहेर उभे करायचे पुरुषभर उंचीचे कोन आले. वडिलांच्या कारखान्यात मी साचे भरायचे, मूर्ती घासायचे, पण डोळे आखायचं काम मुलींना द्यायचे नाहीत. कोनांना डोळे नसतात, त्यामुळे इथेही तो प्रश्न कधी आला नाही.

मग रॉय आला. रीडिंग गावाच्या पलीकडे त्याचं फार्म होतं. जन्मभर डुकरं पाळली, साठीला आल्यावर कळप विकला आणि रिकाम्या गोठ्यात मॉन्स्टर ट्रक बांधायला घेतला. वेडाला वय नसतं हे मला मान्य आहे, पण हे वेड बरंच मोठं होतं. माणसाच्या खांद्याला लागतील एवढी चाकं, त्यावर लोखंडी नळ्यांचा सांगाडा, मागे राक्षसी इंजिन, आणि बरोबर मधोमध नळ्यांच्या पिंजऱ्यात एक ड्रायव्हर. एकूण साडेचार टन. असे दोन ट्रक शेजारी शेजारी पळतात, भंगारातल्या मोटारींच्या रांगेवरून उड्या मारतात आणि वळून परत येतात. हरला तो बाहेर, जिंकला तो पुढच्या फेरीत. शेवटी प्रत्येकाला एकट्याने मैदानात धुडगूस घालायला थोडा वेळ देतात, त्याचे वेगळे गुण. वरची बॉडी म्हणजे फक्त टरफल. खिट्ट्यांवर बसवतात, हिसक्यासरशी उडून जाते. जोर सगळा आतल्या पिंजऱ्याचा.

रॉयने पाकिटातून फोटो काढला. मला वाटलं, बायकोचा. ती त्याची सगळ्यात लाडकी डुकरीण होती, वारलेली. “हिच्यासारखी बॉडी पाहिजे,” तो म्हणाला. “अगदी हिच्यासारखी. नुसतं डुक्कर नको.”

घरी सांगितलं तेव्हा हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, “वराहावतार झाला की. अडचण काय?” अडचण काही नव्हतीच. मी मातीचं मॉडेल केलं, रॉय दर शनिवारी येऊन कान खाली करायला सांगायचा, मी करायचे. पाच शनिवारांनंतर त्याने मॉडेलच्या कानामागे खाजवलं, तेव्हा मी साचा घेतला. पहिली बॉडी निघाली. पांढुरकी गुलाबी, डाव्या कुशीवर करडा डाग, तारेच्या स्प्रिंगची शेपटी. डोळे मी आखले. आयुष्यात आखलेले पहिले डोळे, तेही डुकरिणीचे. रेघ एका दमात आली, याचं मला अजून बरं वाटतं.

ट्रक चालवायची रॉयची मुलगी, ट्रेसी. तिशीच्या आतबाहेरची, कमी बोलणारी, डुकरांची लॉरी चालवून चालवून मनगटं पहिलवानासारखी झालेली. पहिल्या शोला मी आणि हे थर्मास घेऊन स्टँडमध्ये बसलो. पहिल्या उडीत डॉरिसचा उजवा कान गेला. दुसऱ्या उडीत नाक गेलं. ट्रेसी पहिल्याच फेरीत हरली, मग तिने धुडगूस घातला आणि उरलेली डॉरिस मैदानभर पसरली. दहा आठवड्यांचं काम, दहा मिनिटं. मला रडू आलं, ते मी चहाच्या वाफेवर ढकललं. तेवढ्यात रॉय कान काखेत मारून आला, चेहरा असा की पोराला बक्षीस मिळालंय.

“सू, लव्ह, काय झकास फुटली,” तो म्हणाला. माझ्या नावातलं त्याला ‘सू’ एवढंच जमायचं. “दुसरी कधी देतेस?”

माझी दुखरी जागा तिथे होती. आमच्याकडे कान तुटलेली मूर्ती कोणी घेत नाही. विसर्जनसुद्धा अखंड मूर्तीचं करायचं, पाण्यात मग काय व्हायचं ते होवो. कान, बोटं, सोंडेचं टोक या जागा नाजूक, म्हणून वडील तिथे प्लास्टरमध्ये नारळाचा काथ्या दाबायचे. बाहेरून काही दिसत नसे. आमची मूर्ती बैलगाडीतून खड्ड्याखड्ड्यांनी गेली तरी कान शाबूत पोचतो, याचा त्यांना अभिमान होता. बोलून दाखवत नसत, पण आम्हाला माहीत होतं. आणि इथे माझा कान पहिल्या उडीत गेला आणि गिऱ्हाईक खूश.

पुढच्या तीन बॉड्या मी नियमाने केल्या. दोन थर, जास्त नाही. सीझनला एक बॉडी, मधे उडालेले कान-नाक मी नवे जोडून द्यायचे. ट्रेसी शिकत गेली. दुसऱ्या सीझनला एखादी फेरी जिंकू लागली, तिसऱ्याला दोन वेळा उपांत्य फेरीत गेली. डॉरिसचे चाहते तयार झाले. शो संपला की लोक तुकडे घरी न्यायचे. एका गृहस्थांनी नाक नेलं आणि पुढच्या वर्षी फोटो दाखवला, दोन्ही नाकपुड्यांत पेटुनियाची रोपं लावलेली. एका बाईंनी पत्र लिहून विचारलं, या खेळात डुकराला इजा तर होत नाही ना. रॉयने त्यांना फार नम्र उत्तर पाठवलं.

पण काळ्या घोड्याच्या आकाराचा एक ट्रक होता, त्याचा मालक एकदा आमच्या तंबूत आला आणि बॉडीवर टिचकी मारून म्हणाला, “बिस्किटाचं डुक्कर.” ते निवेदकाच्या कानावर गेलं. मग प्रत्येक शोला कान उडाला की लाउडस्पीकरवर ‘अँड देअर गोज द बिस्किट’, आणि हजारो लोक हसणार. रॉय हसायचा, ट्रेसी हसायची. मीसुद्धा हसायचे. घरी येऊन मात्र मी भांडी जरा जोरात घासायचे.

चौथ्या सीझनची अंतिम स्पर्धा ऑगस्टच्या बँक हॉलिडेच्या सुट्टीला होती, आणि त्या वर्षी डॉरिस जिंकेल अशी खरी चिन्हं होती. रॉयने पाचवी बॉडी मागितली. शेडमध्ये त्या आठवड्यात मी एकटीच होते. मी दोन थर दिले. मग कानांच्या मुळाशी तिसरा दिला. मग मानेवर. मग हात थांबेना. पाठीवर आतून प्लायवुडच्या फासळ्या बसवल्या, त्यावर पुन्हा चटई, बगलांवर तसंच. आतून गुळगुळीत घासून काळा रंग दिला, म्हणजे कोणाला शंका यायला नको. वडिलांनी काथ्या दाबला तसं मी केलं, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. वडिलांच्या मूर्तीत कोणी बसणार नव्हतं, एवढा साधा फरक माझ्या डोक्यात आला नाही.

बॉडी फोर्कलिफ्टने चढवताना रॉय म्हणाला, “जड वाटतेय आज.”

मी म्हटलं, “नवा रंग आहे. जाड कोट लागतो.”

हे खोटं मी अगदी सहज बोलले. त्याने मान डोलावली. इतक्या वर्षांत त्याने माझं काम कधी तपासलं नव्हतं.

ट्रेसी दोन फेऱ्या जिंकली. दोन्ही कान जागेवर. निवेदकाला बिस्किटाचा विनोद करता येईना, आणि मी स्टँडमध्ये ताठ बसले होते. अंतिम फेरी काळ्या घोड्याशीच होती. मोटारींवरून डॉरिस आधी उतरली, वळणावर आली, आणि बाहेरच्या बाजूची चाकं रुतल्यासारखी झाली. बाकीचा ट्रक वळत राहिला. सावकाश, अगदी विचार करून केल्यासारखी ती कुशीवर गेली आणि मग पाठीवर. मैदानाच्या कडेला एक माणूस रेडिओचं बटण घेऊन उभा असतो, प्रत्येक ट्रकसाठी एक. त्याने बटण दाबलं आणि इंजिन बंद पडलं.

असं उलटणं या खेळात नवीन नाही. एरवी टरफल फुटून बाजूला पडतं, पिंजरा चारी बाजूंनी उघडा होतो, पट्टे सोडतात आणि ड्रायव्हर हात हलवत बाहेर येतो. या वेळी टरफल फुटलं नाही. डॉरिस चारी पाय वर करून पडली होती आणि ट्रेसी तिच्या आत, झाकण घट्ट बसलेल्या डब्यात असावी तशी. ती आत-बाहेर करायची ती पोटाकडची झडप माझ्या फासळ्यांत दबून अडकली होती. आत काही दिसत नव्हतं. निवेदक म्हणाला, “लेडीज अँड जेंटलमेन, डॉरिसला साधा तडासुद्धा गेलेला नाही.” आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या कामाला मिळालेल्या त्या सर्वांत मोठ्या टाळ्या.

मी कुंपणावरून कशी गेले ते मला आठवत नाही. हे सांगतात की थर्मास त्यांच्या मांडीवर टाकून गेले. जवळ पोचले तर मिथेनॉलचा वास येत होता. ते या ट्रकचं इंधन, आणि त्याची वाईट खोड अशी की पेटलं तरी उन्हात ज्वाळा दिसत नाही. आग आहे की नाही कोणाला सांगता येईना. ठिणगी नको म्हणून विजेची करवत चालवता येत नव्हती. पाणी मारत होते, पहारीने उचकटत होते, आणि माझ्या फासळ्या दाद देत नव्हत्या. रॉय गुडघ्यांवर बसून “ट्रेस, ट्रेस” एवढंच म्हणत होता. आतून उत्तर येत नव्हतं.

“तिथे नाही,” मी म्हटलं. “कानामागे. साच्याचा सांधा आहे तिथे.”

हातकरवत मीच घेतली. डाव्या कानामागून मानेपर्यंत एक पट्टी होती, जिथे मी फासळी बसवली नव्हती. बसवायची राहिली होती, हे खरं कारण. तिथून कापत गेले. चार मिनिटं लागली असं नंतर कळलं. दोघांनी पट्टी ओढून काढली तेव्हा ट्रेसी उलटी लटकलेली दिसली, डोळे उघडे, ओठ पांढरे. आग नव्हती. गळ्याखालचं कॉलरबोन मोडलं होतं आणि हेल्मेटमध्ये श्वास कोंडला होता. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “मी फार लवकर वळले का?”

रॉयने त्या दिवशी माझे दोन्ही हात धरून आभार मानले. मी ते ऐकून घेतले.

दोन आठवडे मी शॉवरचे ट्रे केले. घरी यांना सांगितलं. हे ऐकत राहिले, मग म्हणाले, “आमच्या हॉस्पिटलात अशा वेळी भरायला फॉर्म असतो. कोणाचं काय चुकलं, कुठे लिहायचं, सगळे रकाने छापलेले. तुमच्याकडे नसेल तर तुला जावं लागेल.” एवढं बोलून ते आंघोळीला गेले. मला त्यांचा रागच आला. कोणीतरी ‘जाऊ दे’ म्हणावं अशी माझी इच्छा होती.

रविवारी फार्मवर गेले. ट्रेसी स्वयंपाकघरात हात गळ्यात बांधून बसली होती. रॉय चहा करत होता. तो म्हणाला, “पुढच्या सीझनला मी दुसरा ड्रायव्हर बघितलाय. ट्रेसीचं मन उडालंय.” ट्रेसी टेबलाकडे बघत म्हणाली, “मन उडालेलं नाही. माझा अंदाज चुकला. आणखी कोणाला तरी चिरडीन मी. रोज तेच वळण घेतेय डोक्यात, आणि रोज उलटतेय.”

मी म्हटलं, “रॉय, ती बॉडी कुठे आहे?”

“गोठ्यात. का?”

“काट्यावर ठेवू या.”

गोठ्याच्या दाराशी डुकरं लॉरीत चढवण्याआधी कळपाने तोलायचा मोठा काटा अजून होता. रॉयला काही कळेना, पण त्याने फोर्कलिफ्ट काढला. करवतीने कापलेली पट्टीसुद्धा मी वर ठेवायला लावली. माझ्या चांगल्या बॉडीचं वजन दोनशे किलोच्या जरा आत असे. काटा तीनशे दहावर थांबला. रॉयने काच पुसून पुन्हा पाहिलं. मग बॉडीत वाकून त्याने काळ्या रंगावरून हात फिरवला, आणि त्या हाताला फासळ्या लागल्या. डुकरांच्या बरगड्या चाचपून ज्याचा जन्म गेला त्याला आणखी काही सांगायची गरज नव्हती. तरी मी सगळं सांगितलं. बिस्किट, काथ्या, रंगाचं खोटं. ट्रक त्या वजनानेच उलटला का, हे आजही कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण झडप त्यामुळेच अडकली, आणि छपरावर शंभर किलो जादा घेऊन ती वळत होती हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

ट्रेसी आमच्या मागोमाग आली होती, तिने काट्यावरचा आकडा स्वतः वाचला.

“तू मला आत बंद केलंस,” ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

“आणि मला वाटत होतं, मला चालवता येत नाही.” ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती घरात निघून गेली आणि दार लावून घेतलं. रॉयने मला चहा पुरा करायलाही सांगितलं नाही. मी स्टेशनपर्यंत चालत गेले.

महिन्याभराने शेडमध्ये फोन आला. ट्रेसी बोलत होती. “साचा तुझ्याकडे आहे. डॅड म्हणतो दुसरीकडून करू. मी म्हटलं, दुसऱ्याची डॉरिस डॉरिससारखी दिसणार नाही. दोन थर. चालवणार मीच आहे, मी येऊन बघणार.”

ती खरंच आली, हातमोजे घालून बसली आणि प्रत्येक चटई मोजली. सहावी बॉडी फार्मवर पोचली तेव्हा रॉयने “हॅलो” म्हटलं, आणि दुसरं काही बोलायच्या आधी बॉडी काट्यावर ठेवली. माझ्यासमोर. एकशे ब्याण्णव. त्याने तो आकडा खडूने गोठ्याच्या भिंतीवर लिहिला, जिथे पूर्वी डुकरांची वजनं लिहायचा. बरोबरच होतं त्याचं. पण इतकी वर्षं माझं काम न तपासता घेणारा माणूस मी गमावला होता, आणि ते मला तिथे उभं राहून बघावं लागलं. ते अजून टोचतं.

त्या सीझनला पुन्हा तेच मैदान, तोच काळा घोडा, तेच वळण. या वेळी मोटारींवरून उतरतानाच डॉरिसचं पुढचं चाक निखळलं आणि ती दोन कोलांट्या खाऊन पाठीवर पडली. पहिल्या कोलांटीत डोकं गेलं, दुसरीत बाकी सगळं. गुलाबी तुकडे पार कुंपणापर्यंत उडाले. धूळ बसायच्या आत उघड्या पिंजऱ्यातून एक पाय बाहेर आला, मग दुसरा, आणि ट्रेसी उभी राहून हेल्मेट काढून केस झटकत होती. निवेदकाने बिस्किटाचा विनोद केला. सगळे हसले. मी स्टँडमध्ये यांचा हात धरून मोठ्यांदा रडले, आणि या वेळी चहाच्या वाफेचं नाव सांगितलं नाही.

डॉरिसने स्पर्धा कधीच जिंकली नाही. दोनदा उपविजेती झाली, मग रॉयचे गुडघे गेले आणि ट्रक विकला. विकण्याआधीची सातवी आणि शेवटची बॉडी घेऊन मी फार्मवर गेले, तर तो दारातूनच म्हणाला, “सू, लव्ह, ठेव तिथेच आणि आत ये. चहा गार होतोय.” भिंतीवरचा खडूचा आकडा कोणीतरी पुसून टाकला होता.

मी म्हटलं, “आधी काटा.”

“अगं, नको आता.”

“आधी काटा,” मी म्हटलं, आणि फोर्कलिफ्ट आणायला गेले.